धुणं कोण पिळणार?

खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव, गाव बाजूला ठेवून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

घरात पाच माणसं. ताई, त्यांचे यजमान, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. यजमान बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, ताई एका पतसंस्थेत. घर जुनं कौलारू. पुढं सोपा, मागं परडं, परड्यात आड आणि धुण्याचा दगड. सगळ्या घराचं धुणं सासूबाई दगडावर हातानं धुतात आणि त्यांना ते तसंच आवडतं. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं उजवं मनगट धरतंय, अंगठ्याच्या बाजूनं कळ येते, कपड्याला पीळ बसत नाही. ते कपडे सोप्यातल्या वलणीवर दोन-दोन, तीन-तीन दिवस लोंबतात. खाली पाणी ठिबकतं, घरभर कुबट वास सुटतो. सकाळी मुलांचे गणवेश इस्त्रीनं वाळवायचे आणि ओलसरच अंगावर चढवायचे.

भिशी लागली तेव्हा ताईंनी कपडे पिळायचं छोटं यंत्र, दुकानात ज्याला स्पिन ड्रायर म्हणतात ते, घ्यायचं मनात आणलं. यजमानांनी जेवताना सांगून टाकलं, "आई, तुला आता पिळायला जमत नाही, मशीन आणतोय." सासूबाई म्हणाल्या, "माझं धुणं माझं मी बघून घेईन. मशीननं कपडे फाटतात, वर बिल येतं." विषय तिथंच मिटला. मग यजमान म्हणू लागले, घ्यायचंच तर पूर्ण ऑटोमॅटिक घेऊ, अर्धवट कशाला? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, हल्लीच्या सुनांना हात ओले करायला नकोत. ताई विचारतात: "सासूबाईंचा हट्ट मोडून मशीन आणावं का? त्यानं कपडे खरंच वाळतात का? आणि मला ते हवंसं वाटतं म्हणजे मी आळशी आहे का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असला की बाकीचं नीट वाचून होत नाही. घरातलं धुणं तुम्ही पिळत नाही, सासूबाई पिळतात. त्यांच्या हाताची कळ बघून तुम्ही स्वतःच्या भिशीचे पैसे मोडायला निघालात. यात आळस कुठं आला? शेजारच्या वहिनींनी तुमच्या सोप्यात तीन दिवसांचं ओलं धुणं बघितलेलं नाही, किंवा बघून विसरल्या असतील. त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका.

आता यंत्राविषयी. तुमच्या पत्रात एक अपेक्षा आहे, ती आधीच दुरुस्त केलेली बरी, नाहीतर यंत्र आल्यावर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. हे यंत्र कपडे वाळवत नाही. त्यात गरम हवा नसते, कसलाही ताव नसतो. आत भोकं असलेला एक डबा असतो आणि तो मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. डब्याच्या कडेला चिकटलेल्या कपड्यातलं पाणी त्या वेगानं भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि खालच्या नळीनं वाहून जातं. एवढ्या छोट्या डब्यातसुद्धा त्या पाण्यावर त्याच्या वजनाच्या २०० पटींहून जास्त जोर पडतो. कुणाच्याही मनगटात तेवढी ताकद नाही, जवान गड्याच्याही नाही. म्हणजे हे यंत्र पिळतं, आणि फार चांगलं पिळतं. कपडे बाहेर काढाल तेव्हा ते हाताला ओलसर आणि गार लागतील. ते वलणीवर घालावेच लागतील.

मग एवढ्यानं काय साधतं, असं वाटेल. खानापूरच्या पावसात फार साधतं. हातानं बरा पिळलेला सुती कपडा साधारण आपल्या कोरड्या वजनाइतकं पाणी धरून असतो. दुखऱ्या हातानं पिळलेला त्याहून कितीतरी जास्त. यंत्रातून काढलेल्या कपड्यात ते साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांशावर येतं. तुमच्या पाच माणसांचं रोजचं धुणं कोरडं तीन किलो धरा. हातानं पिळून त्यात तीन लिटर पाणी राहणार, नीट पिळलं नाही तर चार-पाच. ते सगळं पाणी तुमच्या सोप्यातल्या हवेनं उचलायचं आहे. बारा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जेवढी हवा मावते, ती २५ अंशांना अगदी कोरडी असली तरी पाऊण लिटरच्या आसपासच वाफ धरू शकते. आणि जुलैत आपल्याकडं हवा कोरडी कधी असते? ती आधीच भरलेली असते. म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलेल्या सोप्यात कपडे तीन दिवस लोंबतात आणि भिंतीला बुरशी धरते. यात सासूबाईंच्या धुण्याचा काही दोष नाही.

त्या कुबट वासाचंही कारण तेच. कपडा बराच वेळ दमट राहिला की धुऊनही धाग्यात उरलेल्या जिवाणूंना वाढायला सवड मिळते आणि त्यांच्यापासून तो आंबूस वास सुटतो. साबण जास्त घालून तो जात नाही, उलट साबण धुण्यात राहून गेला तर वाढतो. कपडा ओला राहण्याचा वेळ कमी करणं हाच उपाय. ज्या सुती कपड्यांना वास बसूनच गेलाय, टॉवेल, बनियन, पंचे, ते एकदा कढत पाण्यात अर्धा तास भिजवा, मग धुवा. रंग जाणारे किंवा लोकरीचे त्यात टाकू नका.

सासूबाईंच्या दोन हरकती आहेत, कपडे फाटतात आणि बिल येतं. त्या हट्टानं बोलल्यात असं धरून तुम्ही पुढं गेलात. मला वाटतं दोन्ही हरकती आधी खऱ्या मानून तपासाव्यात.

फाटण्याचं म्हणाल तर हाताच्या पिळ्यात धागा मुरगळला जातो. सुती साडीचा काठ आधी तिथंच जीर्ण होतो, लोकरीचा स्वेटर पिळून लांबडा होतो, शर्टाची बटणंही तुटतात. यंत्रात कपडा मुरगळत नाही, डब्याच्या कडेला दाबून बसतो. त्यामुळं रोजच्या कपड्यांना ते हातापेक्षा सौम्यच आहे. पण कपडे फाटल्याच्या कथा खोट्या नाहीत. वर झाकणी न घालता डबा फिरवला तर हलका कपडा उडून डबा आणि बाहेरचं भांडं यांच्यामध्ये अडकतो आणि चिंध्या होतात. हुक, चेन, लेस लावल्याशिवाय टाकलं की दुसऱ्या कपड्यात अडकतं. सासूबाईंनी असं काही कुणाकडं तरी बघितलं असणार. यंत्राबरोबर प्लॅस्टिकची गोल झाकणी येते, ती कपड्यांवर दाबून बसवायची. लहान मुलांचे मोजे, रुमाल, ब्लाउज जाळीच्या पिशवीत घालायचे. जरीकाठाच्या साड्या, सासूबाईंच्या शहापुरी साड्या असतील तर त्या, यंत्रात घालूच नयेत. त्या न पिळता सावलीत निथळत ठेवलेल्याच बऱ्या.

बिलाचा हिशेब तर त्यांच्यासमोर बसून कागदावर करा. छोट्या यंत्राची मोटर २५० वॉटची धरा. एक घाणा चार मिनिटांचा. दिवसाला पाच घाणे झाले तरी वीस मिनिटं. महिन्याला होतात अडीच युनिट. आता सकाळच्या इस्त्रीचा हिशेब मांडा. हजार वॉटची इस्त्री ओलसर गणवेशावर अर्धा तास तापत राहिली की तेवढ्यातच अर्धं युनिट गेलं, म्हणजे आठवड्याच्या आत अडीच युनिट. पाणी उष्णतेनं उडवायचं म्हणजे खर्चाचं काम आहे. एक लिटर पाण्याची नुसत्या उष्णतेनं वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागते. तेच लिटरभर पाणी फिरवून काढायला त्याचा बारीकसा हिस्सा पुरतो. २०२३ पासून आपल्याकडं कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आहे, तुम्हीही घेत असाल. घराला ठरवून दिलेल्या युनिटांच्या आत राहिलात तर बिल शून्य, आणि २०० च्या वर गेलात तर सगळंच भरावं लागतं, ही धास्ती घराघरात असते. सासूबाईंची भीती तिथूनच आली असेल, आणि ती अगदी रास्त आहे. अडीच युनिटांनी तुमचं गणित बिघडणार नाही, उलट इस्त्री कमी झाली तर सुधारेल, हे त्यांना आकड्यांत दिसलं पाहिजे. "काही होत नाही हो" म्हणून पटत नसतं.

आता यजमानांची सूचना. पूर्ण ऑटोमॅटिक यंत्र चांगलंच असतं, पण त्याला नळाचं दाबाचं पाणी लागतं, धुण्याच्या सगळ्या वेळभर. तुमच्याकडं आड आहे. वर टाकी असल्याचं पत्रात काही लिहिलेलं नाही. टाकी, मोटर, पाइप, सिमेंटचा ओटा हे सगळं यंत्राच्या किमतीत धरा, मग "अर्धवट कशाला" म्हणणं किती परवडतं ते कळेल. शिवाय त्यानं सासूबाईंचा दगडच सुटतो. घासून धुण्यात त्यांना त्रास नाही, त्यांना ते आवडतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग जे दुखत नाही ते काढून घेण्यात काय शहाणपण?

मधला मार्ग सेमी ऑटोमॅटिकचा. त्यात एका बाजूला धुण्याचं टाकं आणि दुसऱ्या बाजूला हाच पिळायचा डबा असतो. पाणी बादलीनं ओतता येतं. कितीतरी घरांत त्याची धुण्याची बाजू रिकामी असते आणि नुसता पिळायचा डबा चालतो. जागा जवळजवळ दुप्पट लागते. सासूबाईंचा हात घासतानाही दुखत असेल, किंवा एक-दोन वर्षांत दुखू लागेल असं वाटत असेल, तर मी सेमी ऑटोमॅटिकच घ्या म्हणेन. आज फक्त पीळ बसत नाही, न्हाणीत जागा कमी आणि पैसे भिशीपुरतेच, तर नुसतं पिळायचं यंत्र पुरेल. तुमचं पत्र वाचून माझा कौल या नुसत्या पिळायच्या यंत्राला आहे.

घेण्याआधी एक करून बघा. नात्यात, ओळखीत कुणाकडं तरी सेमी ऑटोमॅटिक असेलच. पावसाच्या दिवशी घरचा एक जाड टॉवेल आणि एक जीन्स तिकडं न्या. घरी ताणकाट्यावर त्यांचं कोरडं वजन करून ठेवा, हातानं पिळून वजन करा, मग चार मिनिटं फिरवून पुन्हा करा. तीन आकडे तुमच्यासमोर असतील. सासूबाईंना बरोबर नेलंत तर फारच बरं. नळीतून पाण्याची धार लागलेली त्यांनी डोळ्यांनी बघावी. आपण घट्ट पिळलं असं वाटणाऱ्या टॉवेलातूनही ती येतेच.

आणि आता मला पत्रातलं जे सगळ्यात जास्त खटकलं, ते. तुम्ही लिहिता, सासूबाईंचा मशीनला विरोध आहे. मी त्यांची दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. "माझं धुणं माझं मी बघून घेईन" हे त्या आधी म्हणाल्या. फाटण्याचं आणि बिलाचं नंतर आलं. पोराच्या ताटावर, नातवंडांसमोर त्यांना ऐकावं लागलं, "तुला आता जमत नाही." ज्या कामावर त्यांनी इतकी वर्षं हे घर उभं ठेवलं, त्यातलं एक काम सुटलं म्हणून जाहीर झालं, आणि निर्णयही होऊन गेला होता. त्यांचा विरोध मला त्या वाक्याला वाटतो. मशीन त्या वेळी समोर होतं म्हणून त्यावर निघाला.

तुमचे यजमान वाईट अर्थानं बोलले नसणार, आईची काळजीच असणार. पण धुण्याबद्दल घरात फक्त मत देणारा माणूस आणि ते उपसणारा माणूस वेगळे असले की असं होतं. यजमानांचे फाउंड्रीतले कपडे, त्यात ऑइल, काजळी, वाळू, हे घरातलं सगळ्यात जड धुणं. ते कोण घासतं? ६६ वर्षांच्या आईच. तुम्ही हा प्रश्न सासू आणि सून यांच्यातला म्हणून मांडलाय. मला तो तीन मोठ्या माणसांचा दिसतो, आणि तिसऱ्या माणसाकडं अजून काहीच काम आलेलं नाही. यंत्र आलं तर पिळायचं काम यजमानांकडं का असू नये? ते कामावरून येतील तोवर धुणं वलणीवर निथळत राहील. चार-चार मिनिटांचे पाच घाणे, मग झटकून वलणीवर घालणं, सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. त्यात त्यांना कळेलही की चादर ओली झाली की केवढी जड होते. रात्री वलणीवर गेलेले कपडे पंख्याखाली सकाळपर्यंत बरेच सुकतात. गणवेश तर पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचे असतात, ते पाणी कमी धरतात, सकाळी इस्त्रीचा एक हात फिरवला की झालं.

सासूबाईंशी मात्र तुम्हीच बोला, एकट्या असताना, परड्यात नाहीतर भाजी निवडताना. "मशीन घेऊ का" असं विचारू नका. हाताचं विचारा. कधी जास्त दुखतो, रात्री कळ येते का, कोणता कपडा पिळताना जीव जातो? चादर म्हणतील, जीन्स म्हणतील, वाकळ म्हणतील. मग म्हणा, आत्या, एवढे जड कपडे तेवढे यंत्रावर पिळू, बाकीचं तुम्ही म्हणाल तसं. त्यांचं लुगडं किंवा साडी कुणाच्या कपड्यांत मिसळायची नाही, हे आधीच कबूल करा. फाउंड्रीच्या कपड्यांबरोबर आपलं नेसूचं फिरवलेलं कोणत्या बाईला आवडेल? त्यांचा घाणा पहिला आणि वेगळा. सुती नऊवारी आठ मीटरच्या आसपास असते. ती लांब निऱ्यांसारखी घालून डब्याच्या कडेनं गोल बसवली की यंत्र हलत नाही.

यंत्र घेताना आणि वापरताना काही गोष्टी ठाऊक असाव्यात. हे सगळ्याच वाचकांसाठी लिहिते, कारण दुकानात त्या क्वचितच सांगतात.

झाकण उघडल्यावर डबा काही सेकंदांत थांबला पाहिजे, त्याला आत ब्रेक असतो. दुकानातच चालवून, झाकण उघडून बघा. वापरात कधी डबा थांबायला वेळ लावू लागला तर दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवा. फिरता डबा हातानं थांबवायचा नाही, कधीच नाही. कपडा बोटाला गुंडाळला गेला तर बोट जातं. मुलांना हे एकदा रागावून सांगितलेलं चालेल, आणि मोठं माणूस जवळ नसताना प्लग काढून ठेवायचा.

जमिनीवर पाणी, हात ओले आणि विजेचं यंत्र, हा न्हाणीतला धोका हलका घेऊ नका. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग खरोखर असलेलं सॉकेट, आणि तेही पाणी उडणार नाही अशा उंचीवर. जुन्या कौलारू घरात तिसऱ्या भोकाला मागं तारच नसते, असं पुष्कळदा निघतं. आधी वायरमनला बोलावून तपासून घ्या आणि जमलं तर तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. त्याला लागणारा खर्च यंत्राच्याच खर्चात धरा. लांब एक्स्टेन्शन वायर ओढून परड्यात यंत्र चालवू नका.

पाणी बाहेर जायची नळी यंत्राच्या बुडाला असते आणि पाणी उतारानंच जातं. यंत्र जमिनीवर आणि नळी वर बादलीत, असं केलं की पाणी आत तुंबतं आणि बेअरिंग, मोटर खराब होते. यंत्र वीतभर उंच, पण पक्क्या, सपाट दगडी ओट्यावर ठेवा, नळी मोरीत सोडा. लाकडी माळ्यावर किंवा डुगडुगत्या स्टुलावर नको.

भरायचं कसं, यावरच यंत्राचं आयुष्य आहे. जड कपडा खाली, डब्याच्या कडेनं चहूकडं सारखा पसरून. हलके मधल्या जागेत. एकच जाड जीन्स एका बाजूला टाकली की यंत्र धडधडत जागा सोडतं. त्या वेळी वरून दाबून धरायचं नाही. बंद करा, कपडे पुन्हा लावा, फार तर समोरच्या बाजूला एक टॉवेल घाला. वाकळ, जाड ब्लँकेट, घोंगडं या यंत्राचं काम नव्हे, ते ऊन पडायची वाट बघणारे कपडे आहेत. रेनकोट, पावसाळी टोपडी, मेणकापड, मुलांच्या अंथरुणावरचं रबराचं कापड हेही नको. त्यातून पाणी निघत नाही, एका जागी साठून राहतं आणि वेगात असताना डबा अचानक कलंडतो. यात यंत्र मोडून माणूस जखमी होऊ शकतो. आणि यजमानांच्या कपड्यांवरचे डाग पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलनं काढले असतील तर ते कपडे पूर्ण धुऊन वास जाईपर्यंत यंत्रात घालू नयेत, ठिणगीनं पेट घेण्याचा धोका असतो.

सुती कपड्यांना तीन ते पाच मिनिटं पुरतात, गणवेश आणि सिंथेटिक साड्यांना मिनिटभर. बहुतेक पाणी पहिल्या मिनिटातच निघून जातं. दहा मिनिटं फिरवून कपडे जास्त कोरडे होत नाहीत, फक्त चुण्या घट्ट बसतात. काढल्या काढल्या जोरात झटका आणि वलणीवर दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा दार आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, पाऊस आत येत नसेल त्या बाजूची, आणि पंखा लावा. बाहेरची हवा दमट असली तरी ती हलती हवी. पिळलेले कपडे डब्यात रात्रभर तसेच राहिले तर यंत्र असूनही वास येणारच.

या यंत्राचा एक उपयोग फार जणांच्या ध्यानात येत नाही. साबण लावून धुतलेले कपडे खळबळण्याआधी एकदा मिनिटभर फिरवा. साबणाचं पाणी तिथंच निघून जातं, मग एक-दोन बादल्या कमी पाण्यात कपडे स्वच्छ होतात. तुमच्या आडाला पावसाळ्यात पाणी असेल, पण अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या वाचकांनी हे नक्की करून बघावं. तिकडं ऊन भरपूर, वाळायचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न असतो. बेळगाव शहरात ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथंही हीच गोष्ट. कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात यंत्र लागतं ते पावसासाठी, अथणीला ते पाण्यासाठी लागेल. एकाच जिल्ह्यातली गोष्ट आहे. साबणाचे कपडे फिरवल्यावर डबा आणि नळी साध्या पाण्यानं धुऊन घ्या, नाहीतर आत थर धरतो.

पावसात वीज जाते-येते, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. यंत्राला एका वेळी चारच मिनिटं लागतात, म्हणून ते निभतं. वीज गेली तर यंत्र आणि प्लग दोन्ही बंद करा. आल्या आल्या भरलेला डबा आपोआप फिरू लागायला नको. पुरेसा दाब नसेल, बल्ब मिणमिणत असेल, तर मोटर चालवू नका.

समजा, एवढं सगळं करूनही सासूबाई नको म्हणाल्या. तरीही तुम्ही यंत्र आणू शकता. पैसे तुमचे आहेत, ओले गणवेश तुमच्या मुलांच्या अंगावर जातात. तुमचे, मुलांचे आणि यजमानांचे कपडे त्यावर पिळा आणि सासूबाईंचं लुगडं त्यांच्या हातात राहू द्या, त्यावर एक शब्द न काढता. त्यांनी महिन्यानं स्वतः चादर आणून दिली तर घ्या, नाही दिली तर विचारू नका. त्यांच्या हाताची काळजी तुम्ही करणं आणि त्यांनी तुमचं ऐकणं, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत.

हात मात्र यंत्र येवो न येवो, डॉक्टरांना दाखवाच. अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ येणं हे पुष्कळदा तिथल्या स्नायूबंधाच्या सुजेनं असतं, आणि पिळण्याची, मुरगळण्याची हालचालच ते वाढवते. लवकर गेलं तर पट्टा, विश्रांती आणि औषधानं बऱ्याच जणींना उतार पडतो. तोवर पीळ घालणं थांबलं पाहिजे, हे डॉक्टरांच्या तोंडून आलं तर सासूबाईंनाही मानवेल. जाताना "हात दुखतो" एवढंच सांगू नका. कोणत्या बाजूला, पिळतानाच की भांडं उचलतानाही, बोटांना रात्री मुंग्या येतात का, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं वाकवलं तर कळ येते का, हे आधी त्यांना विचारून कागदावर लिहून न्या.